आत काय घातलंय? गोधडी घरातून बाजारात कशी आली

मागच्या आठवड्यातला भाग ज्यांना ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मसुदा. बोलण्याच्या ओघात सुटलेले एक-दोन मुद्दे यात जोडलेत. बाकी सगळं जसं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात पुण्यातल्या एका प्रदर्शनापासून करते. बचत गटांच्या, हस्तकलेच्या वस्तूंचे स्टॉल होते. वर्तमानपत्राच्या पिशव्या, जुन्या जीन्सच्या पर्स, नारळाच्या करवंटीचे दिवे, बाटल्यांवर रंगकाम. आपल्याला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ करायला लावायचे, त्याचंच मोठं रूप. एका स्टॉलवर गोधडी टांगलेली होती. सहा फूट बाय साडेचार फूट. चिठ्ठीवर किंमत होती ४,५०० रुपये.

मी तिथूनच आत्याला फोन लावला. माझी आत्या माण तालुक्यात राहते. तिनं आयुष्यभर गोधड्या शिवल्यात, स्वतःच्या आणि लोकांच्या. मला वाटलं, किंमत ऐकून ती हसेल, नाहीतर चिडेल. तिनं फक्त विचारलं, “आत काय घातलंय?”

मी म्हटलं, वरून फार सुंदर आहे गं. ती म्हणाली, “वरचं कोन इचारतंय? आत काय घातलंय त्ये इचार आधी.”

त्या एका प्रश्नाच्या मागे मी गेले काही महिने फिरतेय. आजचा भाग त्याबद्दल आहे.

विकायची नव्हतीच कधी

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गोधडी, आमच्याकडे तिला वाकळही म्हणतात, ही मुळात बाजारातली वस्तू नाही. ती कापडाच्या प्रवासातली एक पायरी होती. नवं लुगडं आलं की ते आधी सणाला, मग रोजच्या नेसण्यात. विरलं की धडका भाग काढून पोरींचे परकर. त्यातून उरलं की बाळाची दुपटी, लंगोट. मग गोधडी. गोधडीही फाटली की पोतेरं, नाहीतर दिव्याची वात, टेंभ्याचा काकडा. चिंधीसुद्धा वाया जात नव्हती, कारण तिलाही गिऱ्हाईक होतं. आपल्याकडचा जुना हातकागद चिंध्या, जुने दोर, गोणपाट कुटून केला जायचा. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव आणि पुण्यात कसब्यातला कागदीपुरा ही नावं त्या धंद्यावरूनच पडली. म्हणजे ज्या कागदावर कुणाच्या वतनाचे, तंट्यांचे कागद लिहिले गेले, त्यात कुणाचं तरी अंगावरचं कापड मिसळलेलं असणार.

मग गोधडी विकली का जात नव्हती? आत्याचं उत्तर सरळ आहे: “लोकांच्या अंगावरचं कापड कोन पांघरंल?” या वाक्यात बरंच काही आहे. सोवळं-ओवळं आहे, जात आहे, मेलेल्या माणसाच्या कपड्याची भीती आहे. गोधडीत आपल्या घरातली माणसं असतात. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, आईच्या लग्नातली साडी. तीच गोधडी दुसऱ्याच्या घरात गेली की ती परक्या माणसांची होते, आणि परकी माणसं कोण आहेत हा प्रश्न आपल्या समाजात कधीच साधा नव्हता.

म्हणून विकायचे ते फक्त हात. कापड गिऱ्हाइकाचं, दोरा गिऱ्हाइकाचा, शिवणारी मजुरीवर. काही भटक्या जमातींतल्या बायका गावोगाव फिरून अशा गोधड्या शिवून द्यायच्या. आत्या गावातल्या गावात शिवायची. कधी पैसे, कधी पायलीभर ज्वारी. गोधडी तयार झाली की ती ज्याच्या घरातलं कापड त्याच्याच घरी परत जायची. शिवणारीचं नाव तिच्यावर कुठेच नसायचं.

गोधडीचा इतिहास लिहिणं अवघड आहे त्याचंही कारण हेच. बंगालची कांथा संग्रहालयांत सापडते. तिकडेही जुन्या साड्यांचे थर, काठातून उसवून काढलेला दोरा, धावदोऱ्याचं काम, पण नक्षीची कांथा जपून ठेवायची वस्तू झाली. आपली गोधडी मात्र वापरून संपवायची. आणि संपली म्हणजे काय? तर जुनी गोधडी नव्या गोधडीच्या आत थर म्हणून जायची. गोधडीचा इतिहास गोधडीनंच पोटात घातलाय.

एक गोधडी उसवली तेव्हा

हे मी स्वतः पाहिलंय. आजी गेल्यावर तिची एक फाटकी गोधडी आत्या उसवत बसली होती. मी तेव्हा दहावीत. वरचा थर नायलॉनच्या साडीचा. त्याखाली आजीचं हिरवं लुगडं, धुऊन धुऊन पांढुरकं झालेलं. त्याखाली धोतर. आणि त्याखाली मधोमध एक पिशवीचं कापड, त्यावर पुसट इंग्रजी अक्षरं आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात.

ते हात म्हणजे अमेरिकेच्या मदतीचं चिन्ह. १९५४ साली अमेरिकेत पब्लिक लॉ ४८० हा कायदा झाला आणि त्याखाली तिकडचं धान्य भारतात येऊ लागलं. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे मिलो खाल्लेली पिढी अजून आहे. त्या दिवसांत आमच्या घरात आलेली ती पिशवी आजीनं उसवली, धुतली, आणि गोधडीच्या पोटात घातली. दुष्काळाबद्दल आजी कधी फार बोलली नाही. गोधडीनं मात्र ते जपून ठेवलं होतं.

त्याआधीचीही एक टंचाई आत्यानं तिच्या आईकडून ऐकलेली, ‘कंट्रोलच्या कापडा’ची. दुसऱ्या महायुद्धात कापड इतकं महाग आणि दुर्मीळ झालं की १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. अशा काळात गोधडी शिवायला जुनं कापड तरी कुठून येणार? लुगडं अंगावरच विरायचं. आपण म्हणतो, पूर्वी लोक काही वाया घालवत नसत, किती छान. छान नव्हतं ते. वाया घालवायला काही नव्हतं.

चिंधी, जिला कुणी नेसलेलं नव्हतं

आता जरा गिरणीकडे वळू. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी सुरू झाली. पुढे मुंबई आणि अहमदाबाद ही गिरण्यांची शहरं झाली. गिरणीत कापडाबरोबर आणखी एक गोष्ट तयार होते, ती म्हणजे चिंधी. कापताना उरलेले तुकडे, डाग पडलेले, विणीत चुकलेले. हे कापड टाकाऊ खरं, पण कुणाच्या अंगावरचं नव्हे. त्याला विटाळ नाही. परक्यानं विकत घ्यायला हरकत नाही. टाकाऊ कापडाची शिवलेली वस्तू बाजारात सहज खपली, त्याचं एक मोठं कारण हे असावं असं मला वाटतं.

अहमदाबादेत दर्यापूर भागात घराघरांत मुसलमान बायका गिरणीच्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवायच्या. चिंधी व्यापाऱ्याकडून आणायची, खोळ शिवून व्यापाऱ्यालाच द्यायची, नगावर पैसे घ्यायचे. इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना उभी केली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या चिंधीवाल्या बायका तिच्यात आल्या. मागणी साधी होती, नगामागे दर वाढवा. त्यावर व्यापाऱ्यांनी काय करावं? मागणी करणाऱ्यांचं काम बंद केलं. चिंधीच द्यायची नाही. तेव्हा बायकांनी ठरवलं की गिरणीकडून चिंधी आपणच घेऊ, आणि त्यातून त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली.

इथे थोडं थांबू. या बायकांचा दोर कुठे अडकलेला होता बघा. कौशल्य त्यांच्याकडे होतं. सुई त्यांची, डोळे त्यांचे, रात्र त्यांची. अडवणूक झाली ती चिंधीवर, म्हणजे ज्याला सगळं जग कचरा म्हणतं त्या गोष्टीवर. कचरा ज्याच्या ताब्यात, दर त्याच्या हातात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तिच्या मुळाशीही हीच गोष्ट होती. कचऱ्यातून भंगार वेचणाऱ्या बायकांचं म्हणणं होतं की हे काम आहे, आणि कचऱ्यावर आमचा हक्क आहे.

बोहारणीचा डबा

आमच्या घराकडे परत येते. गोधडीच्या पोटातलं सुती कापड संपलं कसं? दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, वाळायला झटपट, इस्त्रीची कटकट नाही. पण फाटत नाहीत, आणि गोधडीत घातल्या तर घाम शोषत नाहीत, घडी निसटते, सुई सरकते. आत्या म्हणते, “नायलानची वाकळ म्हंजी पावसात पत्र्यावर झोपल्यागत.”

दुसरी गोष्ट म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं, दारोदार हाळी. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. तासभर घासाघीस, शेवटी “अजून एक साडी टाका ताई”. बोहारणींचा धंदा कष्टाचा आणि हिशेबाचा. ते कपडे त्या धुऊन, शिवून, वेगळे काढून जुन्या कपड्यांच्या बाजारात विकतात, आणि त्यावर कितीतरी गरीब माणसांची अंगं झाकली जातात. वस्तू पुन्हा वापरात आणणारी एवढी मोठी साखळी आपल्या दारात येत होती, आणि आपण तिच्याशी एका चमच्यासाठी भांडत होतो.

आईनं आजीची उरलेली चार सुती लुगडी बोहारणीला दिली. बदल्यात एक झाकणाचा मोठा डबा आला. आत्याला ते नंतर कळलं. ती काहीच बोलली नाही, पण पुढे दोन वर्षं आमच्याकडे मुक्कामाला आली नाही. आईचंही मी समजू शकते. शहरातली दोन खोल्यांची जागा, गोधडी शिवायला अंगण नाही, वेळ नाही. तो डबा अजून आमच्याकडे आहे. त्यात रवा असतो.

आत्या बाजारात बसली तेव्हा

नव्वदच्या दशकात एका वर्षी पाऊस गेला आणि आत्यानं ठरवलं की मजुरीवर शिवण्यापेक्षा स्वतःच्या गोधड्या आठवडे बाजारात विकायच्या. घरातल्या कपड्यांच्या चार शिवल्या. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला पोतं अंथरून बसली. लोक येत, हात लावून बघत, टाका वाखाणत, आणि विचारत, “कुनाच्या साड्या हैत ह्या?” एका बाईनं तर स्पष्टच विचारलं, मयताच्या तर नाहीत ना? दिवसभरात एकही गेली नाही. जाण्या-येण्याचं एसटीचं तिकीट अंगावर पडलं.

पुढच्या खेपेला तिनं वेगळं केलं. तालुक्याच्या शिंप्यांकडून कातरणी गोळा केल्या. ब्लाउजपीसचे, शर्टाचे, परकराचे तुकडे. नवं कापड. वरचा थर त्या तुकड्यांचा, चौकोन आणि त्रिकोण जोडून. आत घरातलंच जुनं सुती. त्या दिवशी दोन गेल्या. “वरून नवं दिसलं की आत काय हाय त्ये कुनी इचारत न्हाई,” हे तिचं निरीक्षण. अहमदाबादच्या खोळीमागचं गणित माणमधल्या एका बाईनं एका बाजारात स्वतःच शोधून काढलं.

हे दोन-तीन हंगाम चाललं. मग शिंप्यांना कळलं की या कातरणीचं काहीतरी होतंय. आधी फुकट देणारे आता किलोवर पैसे मागू लागले. टाकाऊ वस्तूला गिऱ्हाईक मिळालं की ती टाकाऊ राहत नाही. पण गोधडीचा भाव मात्र वाढत नव्हता, कारण घेणारा म्हणायचा, “चिंध्याच तर आहेत.” आत्यानं बाजारात बसणं सोडलं. त्याची तिनं कधी कुरकुर केली नाही, पण मला वाटतं टाकाऊपासून वस्तू करणाऱ्या प्रत्येकाची अडचण त्या वाक्यात आहे. माल फुकटचा, म्हणून मेहनतही फुकटची.

अलाबामातली तीच गोष्ट

हे फक्त आपल्याकडे झालं असं समजू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले काळे शेतकरी पूर्वीच्या गुलामांचे वंशज. त्यांच्या बायका कामाचे जुने कपडे आणि धान्याच्या पिशव्या जोडून गोधड्या करायच्या, लाकडी घरात थंडी लागू नये म्हणून. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ मध्ये, त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून जमिनीवरून हुसकावलं जाण्याचे ते दिवस. गोधडीचे पैसे तेव्हा भाकरीइतकेच लागत होते.

बाजारात उतरल्यावर काय झालं? मोठ्या दुकानांना सगळं एकसारखं हवं. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीनं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम दिलं. त्यात स्वतःच्या मनाची नक्षी नाही, फक्त नमुन्याबरहुकूम शिवण. पण त्या कामातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी नेत आणि त्यांतून आपल्या मनासारख्या गोधड्या शिवत. बाजारासाठी एकसारखं, घरासाठी आपलं. पुढे २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. अंगावरच्या जुन्या कपड्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ती मिळेपर्यंत शिवणाऱ्या कितीतरी जणी गेलेल्या होत्या.

साडेचार हजारांचा हिशेब

आता त्या प्रदर्शनातल्या गोधडीकडे. तिची किंमत जास्त की कमी? आपण बसून हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या.

सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर अंतर धरलं तर ९० ओळी होतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे ५४० फूट शिवण. टाका आणि त्यापुढची जागा मिळून एक सेंटिमीटर धरा, की झाले सोळा हजारांच्या वर टाके. चार-पाच थरांतून सुई काढायची, मिनिटाला नऊ टाके घातले तरी ३० तास लागतात. कापड धुणं, उसवणं, थर लावणं, कच्चे टाके, काठ मोडणं याचे आणखी दहा तास धरा. एकूण ४० तास, म्हणजे आठ तासांचे पाच दिवस.

रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२४-२५ ला दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. पाच दिवसांचे १,४८५. म्हणजे खड्डा खणायच्या दरानं पैसे द्यायचे म्हटलं तरी एका गोधडीची मजुरीच दीड हजार होते. त्यात कापड, दोरा, स्टॉलचं भाडं, गाडीभाडं धरा. साडेचार हजार आकडा मग एकदम अवाच्या सवा वाटत नाही. आणि बाजारात दोनशे-तीनशेला गोधडी मागणारे आपण सगळे काय मागत होतो, तेही कळतं.

मी त्या प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि स्टॉलवरच्या मुलीला आत्याचा प्रश्न विचारला. आत काय घातलंय? तिला माहीत नव्हतं. पण तिनं प्रामाणिकपणे शिवणाऱ्या बाईंना फोन लावला. उत्तर आलं: वरून शिंप्याच्या कातरणी, आत जुनी सुती लुगडी आणि धोतरं, जुन्या बाजारातून किलोवर आणलेली.

क्षणभर मला काही सुचेना. जुन्या बाजारात ती कुठून आली असतील? बोहारणींकडून. म्हणजे डब्याच्या बदल्यात घराघरातून गेलेली लुगडी हातोहात फिरत पुन्हा एका गोधडीच्या पोटात आली होती. आता कुणालाही माहीत नाही ती कुणाची. आणि घेणाऱ्यांपैकी कुणी विचारतही नाही. आत्याला बाजारात ज्या प्रश्नानं उठवलं, तो प्रश्न तरी एवढ्या वर्षांत मागे पडला. हे चांगलंच झालं.

मी दुसरा प्रश्न विचारला, शिवणाऱ्या बाईंना एका गोधडीचे किती मिळतात? मुलगी जरा अडखळली. मग म्हणाली, आठशे.

मी ती गोधडी घेतली. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. न घेतली असती तर ते आठशेही गेले असते. दिवाळीत गावी नेली. आत्यानं चष्मा लावला, वीत ठेवून टाके मोजले, कोपरा चुरगळून आतलं कापड बोटांनी ओळखलं. “टाका मोठा हाय,” ती म्हणाली, “पन आत चांगलं घातलंय.” मग तिनंही तेच विचारलं, शिवणारीला किती? मी आकडा सांगितला. ती गोधडीची घडी घालत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “आमच्या टायमालाबी असंच हुतं.”

तर मंडळी, यावेळी तुम्हाला दोन कामं. घरात जुनी गोधडी असेल आणि ती शिवणारी बाई हयात असेल, तर तिला विचारा त्यात कुणाकुणाचं काय आहे, आणि आम्हाला लिहून कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. आणि कुठल्याही प्रदर्शनात, बाजारात टाकाऊतून केलेली वस्तू घेताना किंमत कमी करा म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा. आत काय घातलंय? आणि शिवणारीला किती?

भेटूच पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.